देवानं माफ केलं, मग वहिनीनं का नाही? (मत हवंय)

मोगरा_नगरची
सलाम मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ४१. आमचं गाव श्रीरामपूरच्या बाजूला, कारखान्याच्या पट्ट्यात. चौदा वर्षं प्यायला तो. काय काय गेलं ते सगळं लिहीत बसत नाही, वहिनीच्या पाटल्या गेल्या, वडिलांची मोटरसायकल गेली, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान गेलं. दोनदा वहिनीवर हात उचलला. दुसऱ्या वेळी ती दोन्ही पोरांना घेऊन संगमनेरला माहेरी गेली ती गेलीच, तीन वर्षं होतील आता.

मागच्या वर्षी तो स्वतःच्या पायानं व्यसनमुक्ती केंद्रात गेला. कुणी उचलून नेला नाही. परत आल्यावर चर्चला यायला लागला. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करण्यात त्याचा पहिला नंबर असायचा, नंतर वीस वर्षं पायरी चढला नव्हता. आता अकरा महिने झाले, थेंब नाही. मला कुणी फसवू शकत नाही यात, तो वास मी अंगणातून ओळखते.

गेल्या रविवारी उपासनेत उभं राहून त्यानं साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगितलं. रडला, आम्ही सगळे रडलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि संध्याकाळी चर्चच्या पंचकमिटीतल्या दोघांनी वहिनीला फोन केला की देवानं त्याला माफ केलं, स्वर्गात आनंद झालाय, तू कोण मनात धरून ठेवणारी, ये आता घरी. रात्री दहाला तिचा मला फोन. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही सांगाल ते करीन. येऊ का मी?"

मला काही बोलताच आलं नाही. दोन दिवसांनी सांगते म्हणाले. भावाचा बदल खरा आहे हे मी छातीवर हात ठेवून सांगते, येशूनं त्याला चिखलातून काढलं यावर माझा विश्वास आहे. पण म्हणून तिला ये म्हणू का? तुम्ही काय सांगितलं असतं?

रानवारा
वाचतेय. अकरा महिने ही छोटी गोष्ट नाही, आधी त्याबद्दल भावाचं अभिनंदन.

विश्वास_एक
ताई, यात दोन मतं कशी काय होतात? येशूचा शिष्य पेत्र, त्यानं विचारलं सात वेळा क्षमा करू का, प्रभूनं सांगितलं सातच्या सत्तर पट. मत्तय १८ काढून वाचा. उधळ्या मुलाचा दाखला घ्या, सगळं उडवून परत येणारा मुलगा लांब असतानाच बापानं त्याला पाहिलं, धावत गेला, गळ्यात पडला. बाप म्हणाला का आधी वर्षभर गोठ्यात राहा मग बघू? नाही, लगेच झगा, अंगठी, वहाणा. लग्नात वचन दिलंय देवासमोर. वहिनींनी यावं, प्रभू सांभाळेल. आपण शंका घेत बसलो तर त्या माणसाचा धीर सुटेल हे पण लक्षात घ्या.

संध्याछाया
@विश्वास_एक, बाप धावत गेला कारण बापाला धावायचं होतं. गावातल्या दोन पंचांनी फोन करून नाही धावायला लावलं त्याला.

रानवारा
+१००

पापडीचा_पाव
ताई, मी वसईचा, पापडीचा. दारूडा. सोळा वर्षं सोबर, पण अजून माझी ओळख अशीच करून देतो, आमच्या मीटिंगमध्ये तशीच पद्धत आहे. म्हणून थोडं मोठं लिहितो.

मला कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्तीच्या संस्थेमुळे रस्ता सापडला. फादर जो परेरांनी १९८१ ला बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या जागेत ते सुरू केलं, फादर स्वतः योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथे ए.ए. च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) बारा पायऱ्या आणि योगासनं दोन्ही असतात. सुरुवातीला मला हसू यायचं, पाय थरथरतायत आणि हे म्हणतात भिंतीला टेकून उभा राहा. पण एक दिवस तसाच उभा होतो आणि जाणवलं की मी माझ्या पायावर उभा आहे. शब्दशः. किती वर्षांनी.

तर मुद्दा. मीही आठव्या महिन्यात चर्चमध्ये अनुभव सांगितला होता, नंदाखालला, उपवासकाळात. लोक भेटायला आले, म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावरून हात फिरवले. चार आठवड्यांनी मी परत प्यायलो. कारण विचाराल तर, टाळ्यांची नशा असते हो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी टाळ्या वाजवत नाही, बायको विचारते गॅसचे पैसे दिले का, आणि तुम्हाला वाटतं हिला कळतच नाही मी किती बदललोय. तिथून बाटली फार लांब नसते.

त्यानंतर फादरांकडे कुमसारला (पाप कबूल करायला) गेलो तर त्यांनी मला लांबलचक प्रार्थना दिली नाही. म्हणाले, घरी जा, आणि कोणाला काहीही मागू नको. माफीसुद्धा मागू नको आत्ता. फक्त उपयोगी पड. मी वर्षभर वाडीत केळी उतरवली आणि संध्याकाळी धुणी वाळत घातली. मुलगी माझ्याशी चार वर्षं बोलली नाही. चार. सासूबाईंच्या मयताला आम्ही एका बाकावर बसलो तेव्हा तिनं रुमाल दिला मला, तो अजून आहे माझ्याकडे.

तर ताई, भाऊ खरा बदलला असेल तर वहिनी आज आली नाही म्हणून त्याचा देव कुठे जात नाही.

बोरीचं_झाड
पापडीवाले, डोळ्यात पाणी आणलंत सकाळी सकाळी. ऑफिसात बसलेय.

डॉ_खडीसाखर
मी सरकारी दवाखान्यात काम करते, धर्माच्या बाजूचं मला फार कळत नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते.

एक, रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं प्रार्थना करून एका रात्रीत बंद केली असं ऐकायला छान वाटतं, पण शरीर ते सोपं घेत नाही. हात कापतात, घाम, फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस दगावूसुद्धा शकतो. प्रार्थना जरूर करा, पण दवाखान्यात दाखल करून करा. ताईंचा भाऊ केंद्रात गेला हे फार बरं झालं.

दोन, "गोळी". दारू सोडवायची म्हणून बायका चहात, भाजीत लपवून डायसल्फिराम घालतात. कृपा करून घालू नका. त्या गोळीवर दारू प्यायली की शरीरात विषारी द्रव्य साचतं, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. माणसाला माहीत असेल, त्याची मर्जी असेल, आणि डॉक्टरांनी लिव्हर तपासलं असेल तरच ती द्यायची.

मदतीसाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६. फुकट आहे.

तिसरी_घंटा
मी देव मानत नाही, त्यामुळे राग नका धरू. पण प्रामाणिक प्रश्न आहे. हे जे बदल होतात ते येशूमुळे का एका गटात बसून आठवड्याला खरं बोलल्यामुळे? म्हणजे गट काढून टाकला आणि नुसता देव ठेवला तर किती जण टिकतील?

पापडीचा_पाव
@तिसरी_घंटा, राग कसला, हा प्रश्न आम्ही सगळे एकदा तरी विचारतो. ए.ए. १९३५ ला अमेरिकेत ॲक्रन गावात सुरू झालं, दोन दारुडे एकमेकांशी बोलले त्यातून. त्या दोघांवर ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीचा प्रभाव होता, आपली चूक माणसासमोर कबूल करणं, ज्याचं नुकसान केलं त्याला भरून देणं, हे तिकडूनच आलं. पण पायऱ्या लिहिताना त्यांनी मुद्दाम लिहिलं, देव, जसा आपल्याला समजला तसा. म्हणून माझ्या ग्रुपमध्ये एक बुवा विठ्ठलाचा फोटो खिशात ठेवतात आणि एक जण तुमच्यासारखा आहे, तो म्हणतो माझा देव म्हणजे ही खोली.

माझ्यापुरतं सांगायचं तर गटानं मला पकडून ठेवलं, पण मी पकडण्याच्या लायकीचा आहे हे मला क्रुसाकडे बघून कळलं. दोन्ही लागलं.

तिसरी_घंटा
ओके. हे उत्तर मला पटण्यासारखं आहे. धन्यवाद दादा.

सरळबोल
साक्ष, टाळ्या, चमत्कार, हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच असतं असं माझं मत आहे. स्पष्ट बोलतो.

मोगरा_नगरची
@सरळबोल, भाऊ, तुमच्या मनात शंका आहे तर उत्तर देते. नगरला अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ ला आली, आमचं घराणं पाच पिढ्या ख्रिस्ती आहे. भावाचं धर्मांतर झालं नाही, तो घरी आला. आणि केंद्रात त्याला रात्री घट्ट धरून बसणारा त्याचा पार्टनर मुसलमान होता, सकाळी गीता म्हणणारे काकाही तिथेच होते. मला फक्त वहिनीला काय सांगू ते हवंय.

सरळबोल
ठीक आहे ताई. तुमचा प्रश्न खरा आहे हे मान्य. मग माझं मत देतो, हात उचललेल्या माणसाकडे लगेच पाठवू नका. माझ्या मावशीच्या बाबतीत बघितलंय.

टाळकरी
वारकरी घरातला आहे, ख्रिस्ती लोकांचं वाचायला आलो तर आपलीच गोष्ट सापडली. वाल्या कोळी घरी गेला, बायको-पोरांना विचारलं माझ्या पापात वाटा घ्याल का, ते म्हणाले नाही. आपण लहानपणापासून ऐकतो आणि बायको-पोरांना स्वार्थी ठरवतो. पण बघा, त्यांनी "नाही" म्हटलं म्हणून तर वाल्याचा वाल्मीकी झाला! होय म्हणाले असते तर तो वाटा मोजत बसला असता.

बोरीचं_झाड
अरे वा, हे कधी सुचलंच नव्हतं. टाळकरी महाराज, एक दिवस आमच्या चर्चमध्ये कीर्तनाला या. चहा आमच्याकडे.

टाळकरी
येतो की. अभंग चालतील ना?

बोरीचं_झाड
चालतील म्हणजे काय, रेव्हरंड टिळकांपासून (कवी ना. वा. टिळक) आम्ही अभंगच गातोय.

जक्कय_उंबरावर
माझं नाव बघून कळलंच असेल मी कोणाबद्दल बोलणार. लूक १९. जक्कय जकातदार, बुटका, उंबरावर चढून बसला. येशूनं त्याला खाली बोलावलं, मी तुझ्या घरी उतरणार म्हणाला. आणि जक्कय काय म्हणाला? माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. चौपट! येशूनं मागितलं नव्हतं. क्षमा फुकट मिळाली पण हिशेब त्यानं स्वतःहून काढला.

तर माझा साधा प्रश्न, पाटल्यांचं काय?

मोगरा_नगरची
पाटल्यांबद्दल तो बोललेला नाही अजून. मीही विचारलं नाही. हे खरंय.

केडगावची_पणती
ताई, माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून थोडं तिकडचं सांगते, तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे असं मला वाटतं.

पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्या सिस्टर्स त्यांना लंडनला फुलहॅमला घेऊन गेल्या, तिथे, त्या काळची भाषा वापरायची तर, "पतित" बायकांसाठी घर होतं. रमाबाईंना धक्का बसला, कारण अशा बाईला परत माणसात घ्यायचं असतं हेच त्यांनी आपल्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई, ती गोष्ट सांगितली (जिला लोक हलकं समजत तिच्याशी येशू बोलला). रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की तिथून त्यांचं मन वळलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा.

पुढे १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी शेती, विहिरी, छापखाना. ज्या बायकांना कुणीच दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी वेगळं कृपासदन बांधलं. रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं आणि मुक्तीतल्याच मुलींनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. माझी पणजी खिळे जुळवायची, बोटं काळी व्हायची म्हणे.

पण मला सांगायचं ते हे. रमाबाईंनी त्या मुलींना आधी काय दिलं? कडी असलेलं दार. आतून लावता येणारं. पुन्हा सुरुवात करायची असेल तर आधी माणूस सुरक्षित पाहिजे, मग बाकीचं. आपल्याकडे दुसरी संधी म्हटलं की सगळ्यांना नवराच दिसतो. वहिनीला दुसरी संधी नको का? तिनं तीन वर्षात पोरांचं काहीतरी बस्तान बसवलं असेलच की, ती संधी कोण मोजणार?

मोगरा_नगरची
ती अंगणवाडीत मदतनीस लागलीय. मोठा दहावीला आहे यंदा. तुमचं वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला.

जुना_पाळक
बत्तीस वर्षे मंडळीची सेवा करून निवृत्त झालो. टायपिंग हळू आहे, चूकभूल द्यावी.

विश्वास यांनी जे लिहिले तेच मी अनेक वर्षे सांगत आलो. एका बहिणीला मी याच शब्दांत समजावून नवऱ्याकडे परत पाठवले होते. त्याने माझ्यासमोर गुडघे टेकून पश्चात्ताप केला होता, मी दोघांवर हात ठेवून प्रार्थना केली. तीन महिन्यांनी ती हात मोडलेल्या अवस्थेत माझ्या दारात आली. ती मला काहीही बोलली नाही. पाणी मागितले. त्या रात्रीनंतर मी "सातच्या सत्तर पट" यावर उपदेश करताना नेहमी एक वाक्य जोडू लागलो, की क्षमा करणे वेगळे आणि त्याच खोलीत झोपणे वेगळे.

त्या पंचांना माझ्यातर्फे सांगा, पश्चात्तापाला योग्य अशी फळे द्या असे बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला. फळाला ऋतू लागतो. अकरा महिन्यांत मोहोर दिसतो.

विश्वास_एक
पाळकसाहेब, तुमच्यापुढे मी लहान आहे. मला आत्तापर्यंत हे असं कुणी सांगितलं नव्हतं. माझे स्वतःचे वडील प्यायचे आणि आई शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिली, वडील सुधारले, म्हणून मला वाटायचं सगळ्यांचं तसंच होतं. आईला काय काय झालं ते मी कधी विचारलं नाही. आज फोन करतो तिला.

संध्याछाया
जरूर करा. मी आधी टोचून बोलले त्याबद्दल सॉरी.

अर्नाळ्याची_होडी
आमच्याकडे मासळी आहे, देवाचं आहे, बोलायला लाजतो पण आज बोलतो. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा येशूला पकडलं त्या रात्री महायाजकाच्या अंगणात, पेत्र शेकत उभा असतो आणि तीनदा म्हणतो मी त्याला ओळखत नाही, आणि कोंबडा आरवतो. दुसऱ्यांदा येशू मरणातून उठल्यावर, समुद्राच्या काठावर, रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नव्हतं, मग १५३ मासे लागले, आणि काठावर बघतात तर विस्तव, त्यावर मासे, भाकर. तिथे येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का.

ज्याला कोळशाचा वास माहीत आहे त्याला कळेल. पेत्राला त्या वासानं पहिली रात्र आठवली असणारच. येशूनं विसर म्हटलं नाही. त्याच वासात परत उभा केला, आधी पोटाला दिलं आणि मग विचारलं. आणि तीनदा विचारलं, पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय, तरी विचारलं. म्हणजे तुमच्या वहिनीनं भावाला तीनदा सोडा तीस वेळा विचारलं तरी त्यानं उत्तर द्यावं, चिडू नये.

रानवारा
अर्नाळा, तुम्ही लाजू नका, रोज बोलत जा.

मिरजेचा_मामा
थोडं अवांतर. माफी कुठपर्यंत जाऊ शकते त्याचं उदाहरण हवं असेल तर सिस्टर राणी मारिया. मूळ केरळच्या, मध्य प्रदेशात आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, तीही नन, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ ला तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे सुटकेसाठी घरच्यांनी रदबदली केली, २००६ ला तो सुटला, सिस्टरांच्या आईला भेटायला केरळला गेला. २०१७ ला इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तो तिथे बसला होता.

संध्याछाया
मामा, अंगावर काटा आला. पण तारखा बघा, १९९५ आणि २००२. सात वर्षं. आणि राखी बांधायला सेल्मी सिस्टर स्वतःच्या पायानं गेल्या.

मिरजेचा_मामा
तेच सांगायचं होतं मला, तुम्ही नीट सांगितलंत.

बोरीचं_झाड
घरातलंच उदाहरण पाहिजे असेल तर नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना किती त्रास झाला तो सगळ्यांना माहीत आहे, चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आपल्या मनानं परत आल्या, आणि १९०० ला आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या माणसाच्या बायकोलासुद्धा वेळ लागला. एकाच्या आतला दिवा लागला म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यावरची झोप लगेच उडत नाही. इथे तर दारू आणि मारहाण आहे.

केजी_नाशिक
मी फक्त एक प्रश्न विचारते, मोगराताई, रागावू नका. सगळा धागा वहिनींबद्दल आहे. तुमचं काय? चौदा वर्षं त्याची उधारी कोण भरत होतं?

मोगरा_नगरची
(काल उत्तर दिलं नाही. आज देते.)

मी भरत होते केजी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, लग्न केलं नाही, का केलं नाही ते जाऊ दे. दुकानाचं कर्ज माझ्या पगारातून अजून कटतंय, अजून एकवीस हप्ते आहेत. रविवारी सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मी रडले असं वर लिहिलंय, ते खरंय, पण कशासाठी रडले ते मला त्यावेळी कळलं नव्हतं. त्यानं साक्षीत आईचं नाव घेतलं, पाळकांचं घेतलं, केंद्रातल्या सरांचं घेतलं. माझं नाही घेतलं.

लिहायलाच लाज वाटतेय. चाळिशी उलटलेली बाई.

जुना_पाळक
बेटा, लाज कसली. दाखल्यात थोरला भाऊ शेतात होता, वाजंत्रीचा आवाज ऐकून बाहेरच थांबला, आत येईना. आपण उपदेशात नेहमी त्यालाच झोडपतो. पण बाप त्याच्यासाठीसुद्धा बाहेर आला हे वाच. मेजवानी सोडून, अंगणात. धाकट्याकडे धावत गेला आणि थोरल्याची विनवणी केली. थोरला आत गेला की नाही हे लूकने लिहिलेच नाही.

मोगरा_नगरची
हे वाचून बराच वेळ बसले होते. थँक्यू पाळकसाहेब.

शास्त्रीनगर_बी४
मी बायबल कॉलेजला होते म्हणून एक जोडते, मूळ प्रश्नाकडे येऊन. मार्क नावाचा तरुण, येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौल आणि बर्णबासोबत प्रवासाला निघाला आणि पंफुल्यातून अर्ध्यावर सोडून परत गेला. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला त्याला परत घेऊ, पौल म्हणाला मुळीच नाही. एवढं कडाक्याचं भांडण झालं की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटावर गेला, तो त्याचा नातलग होता. कितीतरी वर्षांनी पौल तुरुंगातून आपल्या सोबत्याला, तीमथ्याला लिहितो, मार्काला सोबत आण, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

पौलाला तिथं कुणी वाईट म्हणत नाही. मार्कला उभं करायला एक बर्णबा पुरला, पौलाला त्याचा वेळ मिळाला. ताई, तुम्ही भावाच्या बर्णबा होऊ शकता, वहिनीला पौल राहू द्या.

पापडीचा_पाव
हे मी मीटिंगमध्ये सांगणार, परवानगी आहे ना?

शास्त्रीनगर_बी४
अहो, बायबलचं आहे, माझं कुठे आहे.

मोगरा_नगरची
मंडळी, पाच आठवड्यांनी येतेय. शाळेच्या परीक्षा होत्या.

वहिनीला मी त्याच आठवड्यात फोन केला. म्हणाले, येऊ नको. मी सांगते म्हणून येऊ नको, पंच सांगतात म्हणून तर मुळीच नको, तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर माझ्याकडून काही कमी होणार नाही. ती खूप वेळ गप्प होती, मग म्हणाली, ताई जेवलात का. पंचांना आमच्या चर्चच्या पाळकांनी बोलावून घेतलं, मी काय बोलले ते लिहीत नाही पण बोलले.

मग भावाशी. त्याला हा धागा वाचायला दिला, सगळा. (पापडीवाले दादा, तुमचा रुमाल वाचून तो उठून मागच्या दारी गेला.) दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं, कुणाचं काय काय नुकसान केलं, ए.ए. च्या यादीसारखं. पहिलं नाव वहिनीचं, दुसरं मोठ्या पोराचं, तिसरं माझं. पुढे आकडे. पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या ते त्याला आठवत होतं. मला वाटलं होतं विसरला असेल.

आता तो एका दुकानात रिपेअरिंगला बसतो, माझा हप्ता तो भरतो, दोन भरले. आणि वहिनीच्या परवानगीनं दर शनिवारी एसटीनं संगमनेरला जातो. स्टँडवर पोरं येतात, तासभर, भेळ खातात, तो परत फिरतो. घरी जात नाही. पहिल्या शनिवारी मोठा आलाच नाही, धाकटी एकटी आली. दुसऱ्यांदा मोठा आला, लांब उभा राहिला. परवा त्यानं फोन दाखवला, स्क्रीन गेलीय, बघतोस का म्हणून. भाऊ तो फोन घरी घेऊन आलाय, रात्री माझ्या टेबलावर दिवा लावून बसला होता.

@डॉ_खडीसाखर, त्याची गोळी तो डॉक्टरांना विचारून स्वतः घेतो, माझ्यासमोर. लिव्हरचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे, आला की इथे टाकते, बघाल का?

डॉ_खडीसाखर
बघते ना. आधीचा असेल तर तोही टाका, नाव झाकून.

पापडीचा_पाव
ताई, त्याला माझा नंबर द्या, व्यनि केलाय. शनिवारी परतीच्या एसटीत बसला की फोन करायला सांगा, ती वेळ सगळ्यात कठीण असते.